आईला हाडांसाठी रोजचं इंजेक्शनचं पेन सुरू केलंय, दुसऱ्याच दिवशी अंधारी आली. बंद करू का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आई ६९ वर्षांच्या, बार्शीजवळ गावात असतात, तुम्ही पुण्यात. न्हाणीत पाय सरकून नुसत्या बसल्यासारख्या पडल्या आणि कमरेच्या जरा वरचा एक मणका दबला. डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीत टी-स्कोर उणे ३.६, म्हणजे हाडं बरीच ठिसूळ. डॉक्टरांनी टेरिपॅराटाइडचं पेन लिहून दिलं, रोज एकदा, दोन वर्षं. दुसऱ्या दिवशी टोचून झाल्यावर उठताना डोळ्यापुढे अंधारी आली, वहिनीने नेटवर कॅन्सरचं वाचलं, गावात लाइटचा भरवसा नाही, वडिलांचं इन्सुलिन त्याच फ्रीजमध्ये असतं, आणि शेजारच्या काकू म्हणतात की रोज कशाला टोचताय, सहा महिन्यांतनं एकदा घ्यायचं येतं ते घ्या की. म्हणून बंद करू का, असं विचारताय.

मी ऑर्थोपेडिक आहे, सोलापूर जिल्ह्यातच २२ वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि हे पेन बऱ्याच आज्यांना दिलंय. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न बंद करायचं का हा नाहीच. सुरू करायच्या आधी जे बघायला हवं होतं ते बघितलं का, आणि शेवटचं पेन संपल्यावर पुढे काय द्यायचं हे कुणी ठरवलंय का, हे दोन प्रश्न आहेत. मधली टोचाटोची सगळ्यात सोपी, ती आठवड्यात हाताखाली येते.

आधी अंधारीचं बोलू, कारण आज रात्री पुन्हा डोस आहे. या औषधाने पहिल्या काही डोसांना रक्तवाहिन्या थोड्या सैल पडतात, बीपी खाली येतं, बहुतेक टोचल्यापासून चार तासांच्या आत, आणि झोपलेला किंवा बसलेला माणूस एकदम उठला की अंधारी येते. बऱ्याच जणांना हे थोड्या दिवसांत आपोआप थांबतं. पण ज्या बाईचा मणका पडून मोडलाय तिला औषध घेऊन परत पाडायचं हा काही उपचार झाला नाही, म्हणून पहिले दोन आठवडे डोस पलंगावर बसूनच द्या, झाल्यावर थोडा वेळ आडवं होऊ द्या, उठताना आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं आणि मगच उभं राहायचं. बीपीची गोळी त्याच वेळेला असेल तर ती डॉक्टरांना विचारून दुसऱ्या वेळेला सरकवा, आणि बीपी मोजून लिहून ठेवा, बसून एकदा आणि उभं राहिल्यावर एकदा. नुसती अंधारी न येता शुद्ध हरपली, छातीत धडधड थांबेना, अंगावर पित्त उठलं किंवा श्वास लागला, तर मात्र पुढचा डोस न देता आधी डॉक्टरांना गाठा.

वेळेबद्दल लोक ठासून सांगतात की रात्री झोपतानाच घ्या. मला ते सरसकट पटत नाही. मळमळ, चक्कर झोपेत निघून जाते हे खरं, पण तुमच्या आईंच्या वयाला रात्री दोनदा लघवीला उठावं लागतं, अंधारात, आणि गावाकडे संडास बऱ्याचदा अंगणाच्या पलीकडे. म्हणून मी संध्याकाळी जेवण झाल्यावर साडेसात-आठला देतो, घरात माणसं जागी असतात. औषधाला स्वतःला वेळेचं काही पडलेलं नाही, सकाळी घेतलं तरी चालतं, फक्त रोज साधारण एकच वेळ ठेवा म्हणजे विसरत नाही.

आता हे औषध काय करतं ते दोन ओळीत, कारण ते कळलं की अर्धे नियम पाठ करावे लागत नाहीत. गळ्यात थायरॉइडच्या मागे चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, त्यांचं हार्मोन रक्तातलं कॅल्शियम सांभाळतं. त्या हार्मोनच्या ८४ दुव्यांच्या साखळीतले पहिले ३४ म्हणजे टेरिपॅराटाइड. गंमत अशी की हे हार्मोन अंगात सतत जास्त राहिलं तर हाडातलं कॅल्शियम ओढून हाड पोकळ करतं, आणि तेच दिवसातून एकदा थोडंसं देऊन काही तासांत उतरू दिलं तर हाड बांधणाऱ्या पेशींना कामाला लावतं. सगळा खेळ त्या छोट्या झटक्याचा आहे. म्हणून डोस २० मायक्रोग्रॅम, दिवसातून एकदाच. विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा द्या, दिवस उलटला तर तो डोस गेला, सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दोन द्यायचे नाहीत. माझ्याकडे एक आजोबा लग्नाला जाऊन आले आणि चार दिवसांची थकबाकी एका दिवसात भरायला निघाले होते, सुनेने फोन केला म्हणून वाचले.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची, आणि इथे आपल्याकडे जो घोळ होतो तो पुस्तकात सापडत नाही. आपल्या भागात हाडांसाठी टोचलेल्या कुठल्याही सुईला लोक "कॅल्शियमचं इंजेक्शन" म्हणतात. टेरिपॅराटाइड, सहा महिन्यांचं, वर्षाचं सलाइनमधलं, आणि गावातले डॉक्टर कंबर दुखते म्हटलं की देतात ते ६ लाख युनिटचं ड जीवनसत्त्वाचं, सगळ्याला नाव एकच. त्यामुळे पेशंटला विचारलं की आधी काय घेतलंय, तर उत्तर येतं, कॅल्शियमचं इंजेक्शन घेतलं की तीन-चार वेळा. त्यातलं ते ६ लाखाचं वारंवार घेतलेलं असेल तर ड जीवनसत्त्व अंगात साठून राहतं, महिनोन्महिने, आणि त्यावर हे पेन सुरू केलं, शिवाय घरातल्या कॅल्शियमच्या दोन गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाचं आठवड्याचं ६०,००० युनिटचं पाकीट चालूच, तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. मग मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी, गळून गेल्यासारखं वाटणं, कधी बरळणं. घरच्यांना वाटतं इंजेक्शन सोसलं नाही. तर आज फोन करून आईला नुसतं "काय घेतलं" विचारू नका, गेल्या दोन वर्षांतल्या रिकाम्या बाटल्या, चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं जे सापडेल त्याचे फोटो मागवा.

याच्या उलटंही असतं बरं का, ड जीवनसत्त्व अगदीच तळाला गेलेलं. तेव्हा आधी ते भरून घ्यावं लागतं. म्हणजे आकडा बघितल्याशिवाय ना जास्त द्यायचं ना कमी. कॅल्शियमचं दिवसाचं एकूण माप १,००० ते १,२०० मिलिग्रॅमच्या आसपास धरतात, जेवणातलं धरून. दूध, दही, तीळ, नाचणी खाणाऱ्या बाईला बहुतेक ५०० ची एक गोळी पुरते.

पेन सुरू करायच्या आधीच्या तपासण्या म्हणजे रक्तातलं कॅल्शियम, किडनीसाठी क्रिएटिनिन, हाडांसाठी अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व आणि पीटीएच म्हणजे ते पॅराथायरॉइडचं हार्मोन. पीटीएच यासाठी की अंगातलंच हे हार्मोन आधीपासून जास्त असेल तर बाहेरून आणखी द्यायचं नसतं, तिथे इलाजच वेगळा. मुतखडा चालू असेल किंवा नुकताच होऊन गेला असेल तर सांगा, सोलापूरच्या उन्हात तो घरोघरी आहे. गाउटवाल्यांनी सांगायचं, यूरिक अॅसिड थोडं वाढू शकतं. हृदयासाठी डिगॉक्सिनची गोळी असेल तर ते नक्की सांगा, कॅल्शियम चढलं तर ती गोळी अंगावर येऊ शकते.

आणि एक बाब ज्यावर मी थोडा अडून बसतो. या वयात दबलेला प्रत्येक मणका ठिसूळपणाने दबलेला नसतो. आपल्याकडे मणक्याचा टीबी आहे, मायलोमा म्हणजे मज्जेचा कॅन्सर आहे, दुसरीकडच्या कॅन्सरची गाठ मणक्यात उतरलेली असू शकते. टीबीत दुखणं रात्री जास्त, बारीक ताप, वजन उतरलेलं. मायलोमात हिमोग्लोबिन कमी, ईएसआर (रक्तातली सूज दाखवणारा आकडा) चढलेला, किडनी बिघडत चाललेली. हाडात कॅन्सर असताना हे पेन चालत नाही, हाडावर पूर्वी रेडिएशन घेतलेलं असेल तरी नाही, पॅजेट नावाचा हाडाचा आजार असेल तरी नाही. तुमच्या आईंचा एमआरआय झालाय असं लिहिलंय, मग रेडिओलॉजिस्टने दबण्याचं कारण काय लिहिलंय ती ओळ वाचा, आणि साधा सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ईएसआर आणि मायलोमा शोधायची प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची तपासणी झालीय का ते विचारा. झालं असेल आणि त्यात काही निघालं नसेल तर प्रश्नच मिटला.

आता वहिनींनी वाचलेलं कॅन्सरचं. ते खोटं नाही, अर्धं आहे. हे औषध अमेरिकेत २००२ साली मंजूर झालं तेव्हा खोक्यावर ठळक इशारा होता, कारण उंदरांना लहानपणापासून जवळजवळ जन्मभर मोठ्या मात्रेत टोचल्यावर त्यांच्या हाडात ऑस्टिओसार्कोमा म्हणजे हाडाचाच कॅन्सर झाला होता. उंदराचं हाड माणसासारखं वाढ संपवून थांबत नाही आणि त्यांना दिलेले डोसही माणसाच्या कितीतरी पट होते. त्यानंतर वर्षानुवर्षं माणसांवर नजर ठेवली, त्यात हा कॅन्सर वाढलेला दिसला नाही, म्हणून २०२० साली तो ठळक इशारा काढला. दोन वर्षांची मर्यादा मात्र व्यवहारात आम्ही अजून पाळतो, आयुष्यात एकूण २४ महिने, त्यापुढे अगदीच धोका असेल आणि डॉक्टरांनी विचार करून ठरवलं तरच. उलट बाजूचा आकडाही सांगतो. २००१ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात १,६३७ बायका होत्या, सगळ्यांचा आधी मणका मोडलेला, तुमच्या आईंसारखाच. त्यात नवा मणका मोडायचं प्रमाण ६५ टक्क्यांनी कमी झालं. एक मणका दबलेल्या बाईचा पुढच्या वर्षभरात दुसरा दबायचा धोका चांगलाच असतो, आणि दोन-तीन दबले की पाठीला पोक, पोट पुढे, जेवण जात नाही, श्वास पुरत नाही. माझ्या हिशोबात त्या उंदरांच्या भीतीपेक्षा ही भीती मोठी आहे.

पेन आणि फ्रीजचं. २ ते ८ सेल्सिअस, म्हणजे साधा फ्रीज, फ्रीझर नाही. एका दाराचा जुना फ्रीज असेल तर वरच्या बर्फाच्या कप्प्याच्या लगेच खाली ठेवू नका, तिथे गोठतं, आणि गोठलेलं पेन वितळलं तरी फेकायचंच, ते दिसायला चांगलं दिसतं म्हणून वापरू नका. खालचा भाजीचा कप्पा बरा. लाइट तास-दोन तास गेली तर दार उघडू नका, आतला गारवा टिकतो. एप्रिल-मेमध्ये जास्त वेळ जाते असं माहीत असेल तर थर्मासचा डबा तयार ठेवा, आइसपॅक फडक्यात गुंडाळून, पेनला बर्फ थेट टेकू द्यायचा नाही. एसटीने पुण्याला आणतानाही तसंच. पेन बाहेर काढलं की टोचा आणि लगेच आत ठेवा, "जरा कोमट होऊ दे" म्हणून देव्हाऱ्यापाशी ठेवून विसरलेली पेनं मी बघितलीत.

एक पेन २८ दिवस. पहिला डोस दिला ती तारीख पेनवर चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहा. २८ दिवसांनी आत थोडं औषध उरलेलं दिसतं आणि आपल्या लोकांचा जीव तुटतो, इतकं महाग औषध टाकायचं कसं. टाकायचं. औषध पाण्यासारखं स्वच्छ हवं, गढूळ किंवा रंग आलेला असेल तर नको. छोटासा हवेचा बुडबुडा असला तरी घाबरायचं कारण नाही.

टोचायचं मांडीला किंवा पोटाला, बेंबीपासून दोन-तीन बोटं लांब, जागा रोज बदलून. बटण दाबून धरून सावकाश आकडे मोजायचे आणि मगच सुई बाहेर. कंपनीच्या कागदावर किती मोजायचं ते असतं, मी सगळ्यांना दहा मोजायला सांगतो, जास्त मोजल्याने काही बिघडत नाही. सुई रोज नवी, आणि टोचून झालं की काढूनच पेन ठेवायचं, सुई लावून ठेवलं की औषध गळतं आणि हवा आत जाते. सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात, भरला की दवाखान्यात नेऊन द्या, उकिरड्यावर नको. आपल्याकडे बऱ्याच भारतीय कंपन्यांची पेनं मिळतात आणि ती एकसारखी नसतात, काहींत डोस ठरलेला असतो, काहींत आकडा फिरवून लावावा लागतो, म्हणून मेडिकलवाल्याने कंपनी बदलून दिली तर पहिल्यापासून शिकून घ्या. आणि पेन फिरत नाही, अडलं म्हणून इन्सुलिनच्या सिरिंजने औषध ओढून काढायचं नाही, कधीच नाही. या औषधाचा एक डोस म्हणजे ०.०८ मिलि, डोळ्याने दिसेल न दिसेल इतका, तिथे अंदाज चालत नाही.

वडिलांच्या इन्सुलिनचं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, मला मात्र तुमच्या पूर्ण प्रश्नात त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटली. दोन्ही पेनं, दोन्हींना बहुधा तशाच सुया, एकाच फ्रीजच्या दारात, आणि लावणारी सून संध्याकाळच्या घाईत. माझ्या एका पेशंटला असंच नवऱ्याचं इन्सुलिन टोचलं गेलं, त्या बाईला डायबेटिस नव्हता, घाम फुटून थरथरायला लागल्या, नशिबाने मुलाने ओळखलं, साखरपाणी पाजून दवाखान्यात आणलं. तेव्हापासून अशा घरात मी पेन लिहून द्यायच्या आधी विचारतो. वडिलांचं इन्सुलिन एका डब्यात, आईचं पेन दुसऱ्या रंगाच्या डब्यात, दोन्ही वेगळ्या कप्प्यात, आईच्या पेनला लाल नेलपॉलिशचा पट्टा किंवा रबरबँड. वेळाही वेगळ्या ठेवा. इन्सुलिन जेवणाआधी असतं, हे जेवणानंतर ठेवा म्हणजे एकाच वेळी दोन पेनं बाहेर येणार नाहीत. सुया एकमेकांच्या वापरायच्या नाहीत, नवराबायको असले तरी.

काकूंचं सहा महिन्यांचं इंजेक्शन म्हणजे डेनोसुमॅब, ६० मिलिग्रॅम. वाईट औषध नाही, मीही देतो. पण ते हाड बांधत नाही, हाड खाणाऱ्या पेशींना थांबवतं. इतका कमी टी-स्कोर आणि नुकताच मोडलेला मणका असेल तर आधी बांधणारं औषध आणि मग टिकवणारं, हा क्रम बरा पडतो. उलटा क्रम, म्हणजे आधी डेनोसुमॅब आणि मग त्याच्या जागी टेरिपॅराटाइड, यात मधल्या काळात खुब्याचं हाड कमी होतं असं दिसलंय. दुसरं म्हणजे डेनोसुमॅबची तारीख चुकवायची सोय नाही. महिनाभरापेक्षा जास्त उशीर झाला आणि दुसरं काही दिलं नाही, तर थांबवलेल्या पेशी एकदम जाग्या होतात आणि एकापाठोपाठ मणके दबू शकतात. लॉकडाऊनमध्ये अशा बायका मी बघितल्यात, एकीचे तीन मणके गेले, पडल्याबिडल्या काही नव्हत्या. किडनी फारच खराब असणाऱ्यांत ते कॅल्शियम धोकादायक इतकं खाली नेऊ शकतं, अमेरिकेत २०२४ च्या जानेवारीत त्यावर ठळक इशारा आला. आणि दात काढायचे असतील तर ते आधीच उरकून घ्यावं लागतं. थोडक्यात, वर्षातून दोनदाच म्हणून ते सोपं, हे खरं नाही.

पैशाचं स्पष्ट बोलतो, कारण लोक लाजतात. टेरिपॅराटाइड महिन्याला काही हजारांचं काम आहे, वर तपासण्या. साधारण दोन-तीन महिन्यांत दबलेला मणका जुळत येतो, पाठ कमी दुखते, आणि घरात कुणीतरी म्हणतं आता बरं वाटतंय, पुरे की. त्या तीन महिन्यांत दुखणं गेलं, हाड भरलेलं नाही, ते भरायला दीड-दोन वर्षं लागतात. आणि जे भरतं तेही औषध थांबवून नुसतं बसलं तर हळूहळू परत उतरतं. म्हणून पेन संपायच्या आधीच पुढचं ठरलेलं हवं, आठवड्याची ७० मिलिग्रॅमची अॅलेंड्रोनेट गोळी, किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून ५ मिलिग्रॅम झोलेड्रॉनिक अॅसिड, किंवा तेच डेनोसुमॅब. कुठलं ते किडनी, पोटाची अॅसिडिटी, दात आणि खिसा यावर ठरेल. दोन वर्षं झेपणार नाहीत हे आज दिसत असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, ते दुसरा रस्ता काढतील, वर्षाचं सलाइन त्यामानाने पुष्कळ स्वस्त पडतं. मधेच सोडण्यापेक्षा ते चांगलं.

तर आत्ता करायचं असं. आजचा डोस बसवून, जेवणानंतर, सोबत कुणीतरी असताना. उद्या डॉक्टरांना फोन करून अंधारीचं आणि बीपीच्या गोळीचं सांगा, आणि वर सांगितलेल्या तपासण्यांतल्या कुठल्या झाल्यात ते विचारा. महिन्याभराने कॅल्शियम परत बघायला सांगतील तेव्हा एक काळजी घ्या. टोचल्यावर चार ते सहा तासांत रक्तातलं कॅल्शियम थोडं वर जातंच, म्हणून रक्त शेवटच्या डोसनंतर निदान १६ तासांनी द्यायचं. रात्री आठला टोचलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारानंतर. सकाळी लॅबवाला घरी येतो आणि उपाशीपोटीचं रक्त घेऊन जातो, मग आकडा चढलेला दिसतो, मग घाबरून औषध बंद, हे मी खूपदा निस्तरलंय.

डेक्सा वर्ष-दीड वर्षाने, शक्यतो त्याच मशीनवर. गावात मोफत शिबिरात टाच मशीनमध्ये घालून जो आकडा देतात तो याच्याशी ताडून बघायचा नाही, ती तपासणी वेगळी. आणि आईंना सांगा की हंडा, धान्याचं पोतं, नातवंड, यातलं काहीही कंबरेतून वाकून उचलायचं नाही, न्हाणीत रबराची चटई टाका आणि भिंतीला धरायला दांडी बसवून घ्या, गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तेच आधी उरका.